बार्शी लाईटचे जनक : एव्हरार्ड कॅलथ्रॉप

थोरांची चरित्रे वाचावयास बसले म्हणजे आपली दृष्टी सहजच राजे, सेनापती, साधुसंत व ग्रंथकार यांच्याकडे वळते. हे योग्यच आहे. परंतु ज्यांनी दऱ्याखोऱ्यांतून वाटा काढल्या, ओढ्यानाल्यांवर पूल घातले, आणि ज्यांच्या खटपटीमुळे खेड्यातील शेतकऱ्याचा कापूस व गळिताचे धान्य पेठेपर्यंत पोहोचू लागले, त्यांच्या श्रमांचे फळ आपण रोज भोगतो व त्यांची नावे मात्र विसरतो. आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या डोंगराळ मुलखातून नव्वदांहून अधिक वर्षे एक चिमुकली आगगाडी धावत होती. लोक तिला ‘बार्शी लाईट’ म्हणत. जुन्या पिढीतील जो कोणी कधी लातूरला, बार्शीला किंवा पंढरपूरला गेला, तो बहुधा तिच्याच बाकावर बसून गेला. पण ही गाडी कोणाच्या बुद्धीतून निघाली, असा प्रश्न केला असता उत्तर देणारा मनुष्य शंभरांत एखादा सापडेल. म्हणून त्या पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात डीपिंग येथे झाला. वडील शेतकरी होते. मुलांत एव्हरार्ड हे थोरले. त्यांच्या धाकट्या भावांपैकी एक, सर गाय कॅलथ्रॉप, हे पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या मोठ्या रेल्वे कंपनीचे जनरल मॅनेजर झाले. यावरून शेतकऱ्याच्या त्या घरात रुळांचे वेड एकालाच लागले नव्हते, हे दिसून येते. अपिंगहॅम येथील शाळेत शिक्षण घेतल्यावर एव्हरार्ड यांनी रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रसिद्ध इंजिनांच्या कारखान्यात काही काळ काम केले, व १८७४ साली ते क्रू येथील रेल्वेच्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. उमेदवार म्हणजे हातात हातोडा व कानस घेऊन, अंगाला तेल व काजळी फासून घेऊन विद्या शिकणारा विद्यार्थी. १८७९ साली ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले व तेथे डबे व वाघिणी बांधण्याच्या कारखान्यात जबाबदारीच्या जागेवर चढले. इंजिन जितके महत्त्वाचे, तितकीच त्याच्यामागे चालणारी वाघीणही महत्त्वाची, हा धडा त्यांना येथे मिळाला असावा. पुढील सर्व आयुष्यात त्यांनी तो सोडला नाही.

१८८२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कॅलथ्रॉप हिंदुस्थानात आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आमच्या लोकांची जी. आय. पी., हिने त्यांना इंजिनखात्यात इन्स्पेक्टर नेमले होते. या कंपनीच्या गाड्या मुंबईहून पुण्याकडे येताना बोरघाट चढून येत. हा घाटमार्ग १८६३ साली खुला झाला होता. पंधरा मैलांहून थोड्या अधिक अंतरात आगगाडी अठराशे फुटांहून अधिक उंची चढते, आणि एवढ्यासाठी मूळच्या मार्गावर पंचवीस बोगदे खोदावे लागले. पावसाळ्यात त्या घाटातून प्रवास करणाऱ्याला काळ्या कड्यांवरून कोसळणारे पांढरे झोत, खाली धुक्याने भरलेली दरी, आणि बोगद्याच्या अंधारातून एकदम उघडणारा हिरवा प्रकाश असे जे दृश्य दिसते, त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. परंतु हे दृश्य डोळ्यांपुढे उभे राहावे म्हणून हजारो मजुरांनी तेथे कष्ट केले, कित्येकांनी रोगराईत व अपघातांत प्राण वेचले, आणि द्रव्य तर पाण्यासारखे खर्च झाले. रुंद मापाची आगगाडी डोंगराला शरण जात नाही. ती डोंगर फोडते. जेथे मुंबई बंदराचा व्यापार पाठीशी असतो तेथे हे परवडते. जेथे तो नसतो, तेथील लोकांनी काय करावे, हा प्रश्न या तरुण इन्स्पेक्टराच्या मनात हळूहळू घर करू लागला.

हा प्रश्न त्यांना जेथे विशेषेकरून जाणवला, तो मुलूख आमचाच. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरून जाते. त्या ठिकाणच्या स्टेशनाला त्या काळी बार्शी रोड म्हणत, कारण खुद्द बार्शी गाव तेथून सुमारे एकवीस मैल दूर होते. बार्शी ही मोठी पेठ. तिच्या पूर्वेस बालाघाटाचे डोंगर, आणि डोंगरांपलीकडे निजामाच्या राज्यातील काळ्या जमिनीचा, कापसाचा व गळिताच्या धान्याचा सुपीक प्रदेश. तो सगळा माल बैलगाड्यांतून घाट उतरून बार्शीस येई, आणि तेथून पुन्हा बैलगाड्यांतूनच रेल्वेपर्यंत जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके आसापर्यंत रुतत. वाटेत भिजलेल्या कापसाचे मोल उतरे, आणि बैलांचे हाल तर विचारूच नयेत.

येथे इतिहासाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्या जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन काळी तगर या नावाने प्रसिद्ध असून तेथील कापड गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी, थेट भडोचच्या बंदरापर्यंत नेत असत, असा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात आढळतो. तेव्हापासून कॅलथ्रॉप यांच्या काळापर्यंत राज्ये किती आली नि गेली, परंतु बैलगाडीचा आस काही बदलला नव्हता.

आता कोणी म्हणेल, मोठ्या रेल्वेचाच एक फाटा बार्शीपर्यंत का काढू नये? यास अडचण पैशाची होती. मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट. तिला रुंद भराव हवा, भारी रूळ हवेत, भक्कम पूल हवेत, आणि वळणे फार मोठी हवीत. एवढ्या खर्चाचे व्याज निघण्याइतका माल त्या फाट्यावर मिळण्याजोगा नव्हता. उलट, अरुंद मापाचा रस्ता स्वस्तात होतो, पण त्यावरून भारी माल वाहता येत नाही, अशी पुष्कळ जाणत्यांची समजूत होती. शिवाय निरनिराळ्या मापांचे रस्ते देशात वाढू देणे सरकारासही पसंत नव्हते, कारण माप बदलले की माल उतरून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. या आक्षेपात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कॅलथ्रॉप यांचे म्हणणे असे, की रुंद रस्ता परवडत नाही आणि अरुंद रस्ता पसंत नाही, एवढ्यावरच थांबावयाचे, तर शेतकऱ्याच्या वाट्याला चिखलच राहणार.

त्यांनी हा प्रश्न कसा सोडविला, ते समजून घेण्यासारखे आहे, आणि ते समजण्यास मोठे गणित लागत नाही. गाडीवान गाडी भरताना काय करतो, ते आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेच असेल. सगळी पोती पुढे रचली तर जूं बैलांच्या मानेवर बसते. सगळी मागे रचली तर गाडी उलाळ होते. भार नीट वाटला म्हणजे तीच पोती तेच बैल सुखाने ओढतात. आगगाडीच्या रुळाचेही असेच आहे. गाडीचे एकूण वजन किती, याला रूळ भीत नाही. एकेका आसावरून त्याच्यावर किती भार येतो, याला तो भितो. पूर्वीच्या अरुंद रेल्वेत इंजिनाच्या काही चाकांवर भार फार व वाघिणीच्या चाकांवर थोडा, असा प्रकार असे. रूळ मात्र सर्वांत जड चाकाला पुरेल असाच घालावा लागे, आणि तेवढा खर्च वाया जाई. कॅलथ्रॉप यांनी ठरविले, की इंजिन असो, उतारूंचा डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, आणि वाघिणींना मात्र त्या मर्यादेपर्यंत पुरे भरावयाचे. इंजिन भारी हवे असेल तर त्याला चाके अधिक द्यावयाची. याप्रमाणे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. त्यांनी रुळांमधील अंतर अडीच फूट धरले, आणि वाघिणी जाड लाकडाऐवजी दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याच्या करविल्या, म्हणजे वाघिणीचे स्वतःचे वजन कमी व तिच्या पोटातील मालाचे अधिक.

ही योजना कागदावर येण्यास वेळ लागला नाही. मंजुरीस मात्र वर्षानुवर्षे लागली. कॅलथ्रॉप यांनी जी. आय. पी.ची नोकरी सोडली, ते इंग्लंडास परतले व सल्लागार इंजिनियर म्हणून स्वतंत्र धंदा करू लागले, पण बार्शीचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. अखेरीस १८९५ साली बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि ते तिचे सल्लागार इंजिनियर झाले. लीड्स शहरातील किटसन यांच्या कारखान्यात त्यांच्या आराखड्याप्रमाणे पाच इंजिने तयार झाली. त्यांना भार ओढणारी आठ चाके व मागे आधाराची चार चाके होती. ही गाडी परस्पर जहाजावर न चढविता, लीड्सजवळ न्यूले येथे त्यांनी मुद्दाम एक चाचणीचा रस्ता बांधविला, त्यावर तीव्र वळणे व चढउतार ठेविले, आणि जाणत्या इंजिनियरांसमक्ष ती चालवून दाखविली. आपल्या योजनेवर शंका घेणाऱ्यांशी वाद घालीत बसण्यापेक्षा त्यांनी रूळ अंथरून उत्तर दिले, हे आम्हांस फार आवडते.

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोडपासून बार्शीपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या वेळी सोलापूरच्या बाजूस मोठा दुष्काळ होता, हे ध्यानात ठेविले पाहिजे. पुढे १९०६ साली याच रस्त्याची एक शाखा दक्षिणेस पंढरपूरपर्यंत गेली. तोवर रेल्वेने येणाऱ्या वारकऱ्याला बार्शी रोडला उतरून उरलेली वाट पायी किंवा गाडीने काटावी लागे. आता म्हातारीकोतारी माणसेही आषाढी-कार्तिकीस चंद्रभागेच्या वाळवंटाजवळ उतरू लागली. माल वाहण्यासाठी काढलेल्या गाडीला असे अठरापगड उतारू मिळाले.

परंतु आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे काम म्हणजे पूर्वेकडचे. बार्शीपासून रस्ता टप्प्याटप्प्याने पुढे नेत, बालाघाट चढून, निजामाच्या राज्यातून तो १९११ साली लातूरपर्यंत पोहोचला. लातूर त्या वेळी, आणि पुढेही १९८२ सालापर्यंत, याच जिल्ह्यात मोडत होते.

हा प्रवास कसा होता, याचे थोडे वर्णन केल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही, कारण इंजिनियराचे काव्य त्याच्या रस्त्यातच वाचावयाचे असते. बार्शी सोडली की प्रथम सपाट काळी शेते लागत. पांगरीच्या सुमारास क्षितिजावर डोंगरांची रांग वर येऊ लागे. बालाघाटाचे डोंगर सह्याद्रीसारखे उंच व सुळकेदार नाहीत. त्यांचे माथे सपाट असून बाजूंना काळ्या दगडाचे पायरीवजा थर दिसतात. अशा डोंगराला सामोरे जाताना बार्शी लाईट बोरघाटातल्या गाडीप्रमाणे कातळ फोडीत सरळ जात नसे. ती डोंगराच्या कडेकडेने, गुराख्याच्या पाऊलवाटेसारखी वळसे घेत वर चढे. अडीच फुटांच्या रस्त्याला लहानसे वळणही पुरते, हाच त्यातला लाभ. वळणावर मागच्या डब्यातील उतारूला खिडकीतून आपल्याच गाडीचे धापा टाकणारे इंजिन दिसे, आणि मुलांना त्याची कोण मौज वाटे! उन्हाळ्यात पळसाचा लाल फुलोरा, श्रावणात गवताने झाकलेले उतार, आणि पावसाळा सरता सरता झुडपाझुडपांतून टपोरणारी सीताफळे, अशी ऋतूऋतूंची शोभा त्या डोंगरात आहे. येडशीच्या परिसरात रामलिंगाचे पुरातन देवस्थान ज्या दाट झाडीच्या दरीत वसले आहे, तो सगळा भाग १९९७ पासून अभयारण्य म्हणून राखला गेला आहे.

येडशी आली की गाडी पठारावर येई. भूगोल शिकणाऱ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बालाघाटाच्या बार्शीकडील उतारावर पडलेला पाऊस भोगावती, सीना, भीमा अशा वाटेने कृष्णेस मिळतो, आणि पलीकडे पडलेला पाऊस तेरणा व मांजरा यांच्या वाटेने गोदावरीस जातो. म्हणजे दोन मोठ्या नद्यांची खोरी या एवढ्याशा गाडीने एकमेकींस जोडली होती. येडशीपुढे कळंब रोड, ढोकी, मुरूड अशी स्टेशने घेत ती लातूरास जाई. तिचा वेग बेताचाच असे. त्यावरून लोक तिची पुष्कळ थट्टाही करीत. पण ती थट्टा घरच्या माणसाची करावी तशी होती. बाजारचा दिवस, लग्नसराई, कोर्टकचेरी, शाळेची परीक्षा, या सर्वांचे वेळापत्रक तिच्या शिटीवर बसविलेले होते. आणि कापसाच्या गाठी व धान्याची पोती पावसात न भिजता मोठ्या रेल्वेपर्यंत जाऊ लागल्यावर लातूरची पेठ भरभराटीस येण्यास तिचे मोठे साह्य झाले.

बार्शीच्या यशाने कॅलथ्रॉप यांचा सल्ला दूरदूरच्या देशांत मागितला जाऊ लागला. इंग्लंडातील स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची आठ मैलांची चिमुकली रेल्वे त्यांनी बांधली व ती १९०४ साली सुरू झाली. तिचे माप बार्शीचेच, अडीच फूट. तिची इंजिनेही किटसन यांच्याच कारखान्यातील असून, त्यांपैकी एकाला खुद्द कॅलथ्रॉप यांचे नाव दिले होते. मोठ्या मापाची वाघीण जशीच्या तशी उचलून अरुंद रुळांवरून नेणारा एक नवा वाहक-गाडाही त्यांनी तेथे योजिला. माल उतरून पुन्हा भरण्याचा जो आक्षेप बार्शीच्या वेळी घेतला गेला होता, त्याला दिलेले हे उत्तरच म्हणावयाचे. ती रेल्वे १९३४ साली बंद पडली, आणि तिच्या वाटेवरून आज लोक पायी व सायकलीवर फिरावयास जातात. विलायतेतील एका दरीने बार्शीचा कित्ता गिरविला, ही गोष्ट आमच्या मुलांना ठाऊक असावी. आपल्याकडे माथेरानच्या डोंगरावर चढणारी, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली व १९०७ साली सुरू झालेली जी दोन फुटी रेल्वे आहे, तिचेही सल्लागार इंजिनियर कॅलथ्रॉपच होते.

येथवर जे सांगितले ते एका कुशल इंजिनियराचे चरित्र झाले. परंतु त्यांच्या उत्तर आयुष्यातील एक प्रकरण असे आहे, की ज्यावरून त्या मनुष्याचे अंतःकरण कळून येते. मोटारींच्या धंद्यात ज्यांचे नाव आजही दुमदुमत आहे ते चार्ल्स रोल्स हे कॅलथ्रॉप यांचे स्नेही. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान उडवीत असताना ते यंत्र हवेतच मोडले, आणि रोल्स खाली पडून ठार झाले. स्नेह्याच्या मृत्यूने शोक सर्वांनाच होतो. परंतु कॅलथ्रॉप यांच्या मनाने शोकाबरोबर एक प्रश्नही धरून ठेविला. यंत्र मोडणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मग ते मोडले असता आतील मनुष्य तरी का मरावा? त्या वेळी ते पन्नाशी उलटलेले होते, रेल्वेच्या कामात त्यांचे नाव झालेले होते, आणि विमानविद्येशी त्यांचा धंद्याचा काही संबंध नव्हता. तरीही त्यांनी विमानातून उडी घेणाऱ्यास जिवंत खाली आणणारी छत्री शोधून काढण्याचा ध्यास घेतला, आणि १९१३ साली तिचे पेटंट मिळविले. तिला त्यांनी ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षण करणारा देवदूत, असे नाव दिले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. तरुण वैमानिक जळत्या विमानांतून पडून मरू लागले. कॅलथ्रॉप यांनी आपला देवदूत सरकारी खात्यापुढे वारंवार नेला. १९१७ साली एका लष्करी वैमानिकाने विमानातून त्या छत्रीसह उडी घेऊन ती सुरक्षित असल्याचे दाखविले. त्याच वर्षी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून, इतक्या कमी उंचीवरून, एका अधिकाऱ्याने उडी घेतली, आणि छत्री उघडून तो नदीत सुखरूप उतरला. तरीसुद्धा ती वजनदार आहे, अडचणीची आहे, अशा सबबी निघत राहिल्या. शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यासाठी तिचा उपयोग झाला, पण इंग्रजांच्या लढाऊ विमानांतील वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत ती मिळाली नाही. जर्मन वैमानिकांना मात्र १९१८ साली अशा छत्र्या मिळाल्या होत्या. कॅलथ्रॉप यांनी या कामी स्वतःचे पुष्कळ द्रव्य खर्च केले. ज्यांच्यासाठी खर्च केले, ते तरुण मात्र मरतच राहिले. बार्शीच्या मंजुरीसाठी थांबताना शेतकऱ्याचा कापूस भिजत होता. येथे थांबताना माणसे मरत होती. या दोन प्रतीक्षांत कोणती अधिक जाचली असेल, हे सांगावयास नको.

त्यांच्या स्वभावाचा आणखी एक पैलू म्हणजे घोड्यांवरील प्रेम. ते अरबी घोड्यांची पैदास करीत, आणि घोड्याला चाबकाच्या धाकाने नव्हे तर ममतेने शिकवावे, असे त्यांचे मत होते. घोडा हा मनुष्याचा सोबती व मित्र आहे, या विषयावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. ज्याने बैलाच्या मानेवरील ओझे उतरवून पोलादी चाकांवर घातले, त्याच्या हातून असा ग्रंथ लिहिला जावा, हे स्वाभाविकच होय.

३० मार्च १९२७ रोजी लंडन येथे, सत्तर वर्षे पुरी होऊन काही दिवस झाले असता, कॅलथ्रॉप यांचे देहावसान झाले. त्याच साली पंढरपूरपासून मिरजेपर्यंतचा रस्ता पुरा झाला, आणि एकवीस मैलांनी आरंभ झालेली बार्शी लाईट दोनशे दोन मैलांची झाली.

आता, चरित्रलेखकाने चरित्रनायकाची केवळ स्तुती करावी, असे आम्हांस वाटत नाही. बार्शी लाईट ही धर्मादाय संस्था नव्हती. विलायतेतील भागीदारांच्या पैशावर, त्यांच्या नफ्यासाठी ती उभी राहिली होती, आणि तिच्या मिळकतीचा वाटा समुद्रापार जात होता. डोंगराच्या कुशीत ज्यांनी कुदळी चालविल्या, घमेली वाहिली, त्या स्त्रीपुरुष मजुरांची नावे कोणत्याही फलकावर कोरलेली नाहीत. आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्यास विशेष बोचणारी अशी, की ही रेल्वे येडशीवरून गेली, पण जिल्ह्याचे ठाणे जे धाराशिव शहर, ते तिने बाजूलाच ठेविले. शहराच्या लोकांना गाडी गाठण्यासाठी येडशीपर्यंत जावे लागे. स्वस्त रस्ता काढावयाचा म्हणजे कोणाला तरी वगळावे लागते, आणि वगळलेल्याला तो हिशेब कधीच पटत नाही. हे सर्व खरे आहे. तथापि ज्याने रस्ता काढला त्याचे मोल यामुळे नाहीसे होत नाही.

१ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे भारत सरकारने विकत घेतली. पुढे रुंद मापाचे युग आले. कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग रुंद झाला, आणि नवा रस्ता आखताना तो वळवून धाराशिव शहरावरून नेण्यात आला. २००८ साली या मार्गाचे काम पुरे झाले व शंभर वर्षांची उणीव भरून निघाली. आता मुंबईची गाडी थेट धाराशिवास व लातुरास येते, आणि कोणालाही कुर्डुवाडीस गाडी बदलावी लागत नाही. त्या लहान गाडीबद्दल हळहळणारे लोक आहेत. त्यांची हळहळ आम्हांस समजते. पण ज्या कॅलथ्रॉपांनी शेतकऱ्याचा माल लवकर व स्वस्तात पोहोचावा म्हणून जन्म घालविला, त्यांनी या बदलाबद्दल अश्रू ढाळले असते, असे वाटत नाही. जे आज परवडते तेवढे आज उत्तम करावे, आणि उद्या अधिक परवडू लागले तर ते उद्या करावे, हाच त्यांच्या कामाचा अर्थ होता.

विद्यार्थीमित्रांनो, या चरित्रापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु आम्ही एकाच गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधू इच्छितो. आपल्याजवळ साधने थोडी आहेत, गाव लहान आहे, घरची स्थिती बेताची आहे, म्हणून मोठे काही होणार नाही, अशी तक्रार आपल्यापैकी पुष्कळजण मनातल्या मनात करीत असतात. कॅलथ्रॉप यांच्यापुढेही अडीच फुटांचा रस्ता, हलके रूळ आणि एका आसावर पाच टन, एवढीच मर्यादा होती. त्यांनी मर्यादेशी भांडण केले नाही. भार कोठे अधिक पडतो व कोठे व्यर्थ कमी पडतो, ते शोधून तो सारखा वाटला, आणि त्या अरुंद रुळांवरून दोन नद्यांच्या खोऱ्यांचा व्यापार व लाखो उतारूंचे सुखदुःख वाहून नेले. पुढे कधी बार्शीहून धाराशिवास येताना गाडी बालाघाटाच्या डोंगरांत शिरेल, तेव्हा खिडकीबाहेर पाहावे, आणि या घाटातून ज्यांनी पहिली आगगाडी वर आणली, त्या इंजिनियराचे व त्या अनामिक मजुरांचे कृतज्ञतेने स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.